आई आणि मातृभाषा : स्वीडनमधील प्रतिपालक कुटुंबे व फिनलंडची युद्धबालके

दत्तकविधानाने मूल कायमचे आपले होते. प्रतिपालनात ते परत करावयाचे असते. कायद्यात सोपा वाटणारा हा भेद घरात किती अवघड ठरतो, हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वीडनमध्ये पाठविलेल्या फिनिश मुलांच्या इतिहासावरून दिसते.

सोव्हिएत संघाने ३० नोव्हेंबर १९३९ रोजी फिनलंडवर आक्रमण केले. त्या हिवाळी युद्धात आणि पुढे १९४१ ते १९४४ या काळातील दुसऱ्या युद्धात मिळून सुमारे ७०,००० मुले देशाबाहेर धाडण्यात आली. काही हजार डेन्मार्कला, उरलेली बहुतेक सर्व स्वीडनला. कोणी बोटीने गेली, कोणी उत्तरेकडील तोर्निओ–हापारांडा या सीमामार्गाने आगगाडीतून; प्रत्येकाच्या गळ्यात नावाची चिठ्ठी. बाप आघाडीवर होते, आया कामावर. घरांवर बॉम्ब पडत होते आणि अन्न तुटपुंजे होते.

या मुलांना ज्या स्वीडिश कुटुंबांनी घरात घेतले, त्यांचा मुलांशी पहिला संवाद हातवाऱ्यांचा होता. स्वीडिश ही जर्मानिक शाखेतील भाषा, तर फिनिश युरालिक कुळातील. दोहोंत परस्परबोधाचा लवलेशही नाही. तथापि शाळेच्या वयाखालील मुले काही महिन्यांतच स्वीडिश बोलू लागली आणि जवळजवळ त्याच वेगाने फिनिश विसरली. रात्री रडणारे मूल शांत झोपू लागले, आपणहून हाक मारू लागले, यापरते प्रतिपालक मातेचे पारितोषिक कोणते? परंतु तिचे यश ज्या मापाने मोजावयाचे, त्याच मापाने जन्मदात्रीची हानी वाढत होती.

फिनिशमधील 'आइदिनकिएली' आणि स्वीडिशमधील 'मूदेर्समोल' या दोन्ही शब्दांचा अर्थ आईची भाषा असाच आहे. (फिनिशमधील 'आइती', म्हणजे आई, हा शब्द मुळात जर्मानिक भाषांतून घेतलेला आहे. जुना देशी 'एमो' प्रामुख्याने पशुपक्ष्यांच्या मातेपुरता उरला.) युद्धबालकांच्या बाबतीत मात्र ही आई कोणती, हाच प्रश्न होता. युद्ध संपल्यावर परतलेली अनेक मुले आपल्या सख्ख्या आईशी बोलू शकत नव्हती. त्यांना फिनिश नव्याने शिकावी लागली, आणि शिकताना स्वीडिश दुसऱ्यांदा गमवावी लागली. काही हजार मुले परतलीच नाहीत. काही परतून पुन्हा स्वीडनला गेली. स्वीडनमधील ज्या घरांतून मूल निघून गेले, तेथेही एक वियोग होता. जे देण्यासाठीच घेतले होते ते गेले, म्हणून त्याबद्दल तक्रार करण्याची सोय नव्हती. कित्येक कुटुंबांनी पुढे वर्षानुवर्षे पत्रव्यवहार आणि भेटीगाठी चालू ठेवल्या.

मुलांची भाषा मरू दिली, हा दोष प्रतिपालकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापैकी बहुतेकांना फिनिशचा एक शब्दही येत नव्हता. दोष द्यावयाचाच तर तो योजनेला द्यावा लागेल. मूल परत येणार, हे तिने गृहीत धरले. परत येईल तेव्हा ते कोणत्या भाषेत बोलेल, हे मात्र धरले नाही.

अलीकडे या प्रकरणाचा सांख्यिकीय अभ्यासही झाला. तोर्स्तेन सान्ताविर्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वीडनला गेलेल्या मुलांची घरी राहिलेल्या सख्ख्या भावंडांशी तुलना केली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत मनोविकारासाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण एकंदरीत वाढलेले आढळले नाही. केवळ मुलींमध्ये भावविकारांचे प्रमाण अधिक दिसले. २०१८ च्या पुढील अभ्यासात त्या मुलींच्या मुलींमध्येही अशाच विकारांचा धोका अधिक असल्याचे आढळले. ही सारी गणना फिनलंडमधील कुटुंबांची आहे. स्वीडनमध्ये ज्यांनी ही मुले वाढवून परत पाठविली, त्या स्त्रियांसाठी तीत रकाना नाही.