वाईट पापड कोणाचे?

माझी आई विड्या वळीत असे. आपल्या सोलापुरात यात नवल नाही. हजार विड्या नेऊन दिल्या की मूठभर 'वाईट' म्हणून बाजूला पडत. त्यांची मजुरी नाही आणि विड्याही परत नाहीत! विचारण्याची सोय नव्हती.

म्हणूनच लिज्जत पापडाचा इतिहास वाचताना मला पापडापेक्षा तेथील हिशेबाचे अप्रूप वाटले. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत, गिरगावातील एका गच्चीवर, जसवंतीबेन पोपट व आणखी सहा गुजराती भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पुडकी झाली. पावसाळ्यात वाळवण अडले, चार महिने काम बंद! पुढच्या वर्षी त्यांनी खाट व स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. (बायकांचीच युक्ती ही!)

तेथे लाटणारी प्रत्येक बहीण मालकीण. नफा-तोटा सर्वांचा. पुरुषांना सभासदत्व नाही. शाखेतून भिजवलेले पीठ न्यायचे, घरी लाटून वाळवून आणून द्यायचे. तपासणी तेथेही असते, बरे का! पण निर्णय सर्वांच्या संमतीने होतात. एकीचा विरोध असला तरी अडतात.

आईला हे वाचून दाखवले. ती म्हणाली, "मग वाईट निघालेले पापड कोण नेतं गं?"