वाटी आणि सरकती बैठक

निवृत्तीनंतर मी चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी धरली. व्यायामाला रोइंग मशीन होतं. फौजी खाक्या, रोज जीव खाऊन ओढायचो. दोन महिन्यांत जिना उतरताना गुडघ्याची वाटी करकरू लागली.

मग इतिहास चाळला. जमिनीवर वल्हवण्याचा सराव जुनाच. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अथेन्सचा सेनापती काब्रियास नवख्या वल्हेकऱ्यांना किनाऱ्यावरच लाकडी चौकटीत बसवून शिकवायचा, अशी नोंद आहे. पुढे इंग्लंडच्या शर्यतींत बैठक पक्की असे. जोर मुख्यतः पाठीचा नि हातांचा. १८७३ साली ऑक्सफर्ड-केंब्रिज शर्यतीत दोन्ही संघ सरकत्या बैठकीवर उतरले आणि कामाचा मोठा वाटा पायांवर आला. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या ड्रायसिगॅकर बंधूंनी सायकलचं चाक वापरून यंत्र बनवलं, त्यातही बैठक सरकतीच.

म्हणजे यंत्र ओढायचं हातांनी, पण राबतो गुडघा. वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेतून वरखाली सरकते. गुडघे आत झुकले की ती बाहेरच्या कडेला ओढली जाते; फार दुमडले की दाब वाढतो.

आपल्या चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ फौजेत वल्हं शिकला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेतून सुवर्ण घेऊन आला. फौजेत आधी कवायत, मग जोर. मी नेमकं उलटं केलं होतं.

आता गुडघा पावलाच्या रेषेत ठेवतो, नडगी उभी झाली की पुढे सरकणं थांबवतो, मांडी-कुल्ह्यांचे व्यायाम करतो. दुखणं रेंगाळलं तर मात्र डॉक्टर गाठा. अंगावर काढणं म्हणजे शौर्य नव्हे.

जय हिंद!