डिकीतली बॅटरी

आमच्या कोल्हापुरात गाड्यांची हौस दांडगी. बॉनेटखाली जागा व्हावी म्हणून बॅटरी डिकीत हलवणारेही भेटतात, आणि वर ही नवीन आयडिया म्हणून सांगतात.

नवीन कसली? १९२७ साली आलेल्या फोर्ड मॉडेल ए मध्ये बॅटरी ड्रायव्हरच्या पायाखाली असे, बीटलमध्ये मागच्या सीटखाली. १९५९ साली अलेक इसिगोनिसने इंजिन आडवं टाकून अख्खी मिनी दहा फुटांत कोंबली, तेव्हा बॅटरी गेली डिकीत. म्हणजे बॉनेट हे काही तिचं माहेर नव्हे. तिथे ती रुळली ती सोयीनं. स्टार्टर जवळ, वायर आखूड.

खरी भानगड लांब वायरीचीच. स्टार्टर क्षणभर शंभर-दोनशे अँपिअर ओढतो. वायर बारीक असली तर इंजिन नुसतं कण्हतं. (चार्जिंगला हायड्रोजन सुटतो, त्याची नळी बाहेर काढायची ते वेगळंच.) आणि तीच वायर पत्र्याला घासून सोलली तर? फ्यूज बॅटरीलगत नसेल तर थेट सीटखाली आग.

उद्यमनगरात एका मिस्त्रींना विचारलं, फ्यूज कुठाय? "बसवू की सावकाश," म्हणाले. फ्यूज येईपर्यंत मी तिथनं हललो नाही.