कपड्यांच्या तीन वह्या

आजचा भाग कपाटाबद्दल आहे. नेमकं सांगायचं तर कपाटातल्या कपड्यांची नोंद ठेवण्याबद्दल. हल्ली यासाठी ॲप्स आहेत. शर्टाचा फोटो काढा, किंमत टाका, कितीदा घातला ते टिपा. अशी नोंद ठेवली की सेल लागल्यावर हात आपोआप आवरतो म्हणे. पण खरंच आवरतो का? ही आयडिया फोनपेक्षा खूप जुनी आहे, जवळपास 500 वर्षं. त्यामुळे उत्तर इतिहासात शोधता येतं. आज तीन वह्या उघडू.

पहिली वही जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहरातली. माथेउस श्वार्त्स, जन्म 1497चा. याकोब फुगर हा तेव्हाच्या युरोपातला बडा सावकार आणि व्यापारी. त्याच्या पेढीवर हा श्वार्त्स हिशोबनीस. जमाखर्चाची पद्धत तो इटलीत जाऊन शिकून आला होता. 1520 साली, वयाच्या तेविशीत, त्याने स्वतःच्या कपड्यांची नोंद सुरू केली. तीही चित्रात! चित्रकाराला बोलावून तो आपलं पूर्ण उंचीचं चित्र काढून घ्यायचा आणि तारीख, वय, कपड्याचा तपशील लिहायचा. 1560पर्यंत अशी 130हून जास्त चित्रं जमली. 1523च्या एका चित्रातल्या अंगरख्यावर म्हणे 4,800 चिरा पाडल्या होत्या. हा आकडा त्याने स्वतःच लिहून ठेवलाय. शेवटी हिशोबनीसच तो! 1526मध्ये तर त्याने बिनकपड्यांची दोन चित्रं काढून घेतली, एक पुढून आणि एक मागून. आणि आपण जाड झालोय अशी प्रामाणिक नोंद केली.

आता बघा, नोंद एकदम चोख. पण खरेदी आवरली का? अजिबात नाही. कारण ही वही सांगत होती की मी कसा दिसतो. दरबारी मंडळींच्या तोडीस तोड दिसणं हीच त्याची महत्त्वाकांक्षा होती, आणि 1541मध्ये त्याला उमरावपद मिळालंसुद्धा. अशा वहीचं रिकामं पान नवीन कपडा मागतं. आपल्या फोनमधली ‘आजचा लूक’वाली गॅलरी तेच करते की नाही?

दुसरी वही इंग्लंडमधली. बार्बरा जॉन्सन, 1738 ते 1825. एका पाद्र्याची मुलगी, लग्न केलं नाही, मिळकत बेताची. हिशोबाच्या एका जुन्या वहीत ती आपल्या कपड्यांचे छोटे छोटे तुकडे लावायची. प्रत्येक तुकड्यावर टाचणीने टोचलेली चिठ्ठी. कोणतं कापड, किती वार, वाराला काय भाव, कोणत्या कपड्यासाठी, कधी घेतलं. वार म्हणजे आपल्या नऊवारीतला वारच बरं का! कपडा दुखवट्यासाठी शिवला असेल तर तेही लिहिलेलं. पहिली नोंद 1746ची, तेव्हा ती 8 वर्षांची. शेवटची 1823ची, तेव्हा ती 85 वर्षांची. मधल्या 77 वर्षांत नमुने किती? सुमारे 120. म्हणजे वर्षाला दोनसुद्धा नाहीत. अर्थात बूट, टोप्या, आतले कपडे यात धरलेले नाहीत. आज ही वही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

वहीमुळेच तिने कमी खरेदी केली, असं मी म्हणणार नाही. तेव्हा कापड महाग आणि शिलाई स्वस्त होती, म्हणून लोक जुनेच कपडे उसवून पुन्हा शिवायचे. पण तिच्या चिठ्ठीतले रकाने बघा. भाव, माप, उपयोग. ‘मी कशी दिसते’ हा रकानाच नाही. कापड घेतलं की त्याला उत्तर द्यावं लागतं: कशासाठी?

तिसरी वही सरकारने लोकांच्या हातात दिली. दुसऱ्या महायुद्धात, 1 जून 1941पासून, ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशनिंग आलं. सुरुवातीला माणशी वर्षाला 66 कुपनं. बायकांच्या लोकरी ड्रेसला 11, पुरुषांच्या बुटांना 7. पैसे द्यायचेच, वर कुपनंही द्यायची. आता प्रश्न ‘परवडेल का’ एवढाच उरला नाही, ‘मग वर्षभर शिल्लक काय राहील’ हाही आला. 1943मध्ये सरकारने जुने कपडे कसे रफू करायचे, कसे उलटवून शिवायचे, याची पुस्तिकाच काढली. हे रेशनिंग 1949पर्यंत चाललं. तक्रारी भरपूर झाल्या, श्रीमंतांना तेवढ्याच कुपनात जास्त टिकाऊ माल घेता यायचा. तरी घरात काय आहे हे आधी बघायची सवय कित्येकांना लागली.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस, त्यामुळे मला हे टेबल डिझाइनसारखं वाटतं. डेटा भरपूर असून उपयोग नाही, कॉलम कोणते ठेवले त्यावर सगळं ठरतं. श्वार्त्सचा कॉलम होता ‘दिसणं’, बार्बराचा ‘कारण’, कुपनांचा ‘शिल्लक’. पहिल्याने हौस वाढते. उरलेले दोन आपल्याला थांबवून विचारतात.

म्हणून ॲप घ्या किंवा साधी वही घ्या, पण फोटोच्या आधी दोन कॉलम टाका. हे कशासाठी घेतोय? आणि असंच काही घरात आधीच आहे का? पहिला पगार, रूमचं भाडं, गावी पाठवायचे पैसे, आणि त्यात रात्री 12 वाजता लागलेला सेल. अशा वेळी ही दोन उत्तरं टाइप करायला लागणारा अर्धा मिनिटच कामी येतो. उत्तर सापडलं तर बिनधास्त घ्या.

भेटू पुढच्या भागात. तुमच्या वहीत कोणते कॉलम आहेत, नक्की कळवा!