पदवीपासून नोकरीपर्यंत : जालन्याचे विद्यार्थी आणि माहिती तंत्रज्ञान

जालना म्हटले की पोलाद आणि बियाणे हे दोन उद्योग प्रथम आठवतात. १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यात संगणकशास्त्राचे पदवी शिक्षण उपलब्ध आहे. मात्र मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या प्रामुख्याने पुणे, मुंबई, हैदराबाद व बंगळुरू येथे एकवटल्या आहेत. त्यामुळे मंठा किंवा भोकरदनच्या शेतकरी कुटुंबातील पदवीधर पुण्याला जातो आणि तेथे खोलीभाड्याबरोबर खासगी क्लासचे शुल्कही नव्याने भरतो. पदवीच्या काळातच नोकरीची तयारी झाल्यास हा दुहेरी भार बऱ्याच अंशी टळू शकतो.

पदवी आणि पात्रता

भारतातील अभियांत्रिकी पदवीधरांपैकी सुमारे २५ टक्केच बहुराष्ट्रीय कंपन्यांत काम करण्यास योग्य आहेत, असे नॅसकॉम व मॅकिन्सी यांच्या २००५ च्या अहवालात म्हटले होते. त्याआधी २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने महाराष्ट्राच्या गावोगावी संगणक साक्षरता पोहोचवली. परंतु संगणक हाताळता येणे आणि संगणकाकडून काम करवून घेणारा प्रोग्रॅम लिहिता येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. कंपन्या दुसऱ्या गोष्टीची परीक्षा घेतात.

निवड कशी होते?

निवडीचे सर्वसाधारणपणे तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात अंकगणित, तर्कशक्ती व इंग्रजीची ऑनलाइन चाचणी, दुसऱ्यात प्रोग्रॅमिंगचे प्रश्न आणि तिसऱ्यात मुलाखत होते. अनेक कंपन्या दहावी, बारावी व पदवीला किमान ६० टक्के गुणांची अट घालतात. अनुत्तीर्ण विषय शिल्लक असल्यास अर्जच बाद होऊ शकतो. ही अट अंतिम वर्षात समजून उपयोग नसतो, म्हणून ती प्रथम वर्षातच माहीत असावी.

वर्षनिहाय तयारी

प्रथम वर्षी सी किंवा पायथन यांपैकी एकच भाषा पक्की करावी. द्वितीय वर्षी डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस व एसक्यूएलचा अभ्यास करावा. त्यानंतर प्रकल्प आणि इंटर्नशिपकडे वळावे. अंतिम वर्ष सराव चाचण्या व मुलाखतीसाठी राखावे. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजीचा न्यूनगंड बाळगू नये. स्वतः केलेले काम दहा मिनिटे सोप्या इंग्रजीत सांगण्याचा सराव रोज केल्यास मुलाखतीची भीती कमी होते.

आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरील व्याख्याने तसेच २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'स्वयम्' या व्यासपीठावरील अभ्यासक्रम विनाशुल्क पाहता येतात; शुल्क लागते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी.

प्रकल्प गावातलाच

विकत आणलेला प्रकल्प मुलाखतीत दोन प्रश्नांतच उघडा पडतो. त्याऐवजी कृषी सेवा केंद्रातील बियाण्यांचा साठा, बाजार समितीतील मोसंबीची आवक किंवा कारखान्याच्या वजनकाट्यावरील नोंदी यांसाठी छोटी प्रणाली तयार करावी. प्रत्यक्ष वापरणाऱ्याच्या अडचणी सोडविण्याचा अनुभव त्यातून मिळतो आणि मुलाखतीत सांगण्यासारखे स्वतःचे काही हाती राहते.

उद्योग आणि शिक्षण यांच्या सांगडीचे उदाहरण जालन्यातच आहे. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचा मराठवाडा परिसर येथे २०१८ मध्ये सुरू झाला. तेथील एकात्मिक एम.टेक. अभ्यासक्रमात उद्योगातील प्रत्यक्ष काम हा शिक्षणाचाच भाग आहे. विषय रसायन तंत्रज्ञानाचा असला, तरी पद्धत संगणक शाखेनेही अनुसरण्याजोगी आहे. शिकाऊ उमेदवारी कायद्यात २०१४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर बिगरतांत्रिक पदवीधरांनाही विद्यावेतनासह शिकाऊ उमेदवारी करता येते.

सावधगिरी

नोकरीची हमी देऊन अनामत रक्कम मागणाऱ्यांपासून दूर राहावे. प्रतिष्ठित कंपन्या निवडीसाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत. नियुक्तीपत्र आल्यास कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून त्याची खातरजमा करावी.

महाविद्यालयांनीही रोजगार कक्ष अंतिम वर्षापुरता मर्यादित ठेवू नये. नोकरीस लागलेल्या माजी विद्यार्थ्यांना वर्षातून दोनदा वर्गात बोलावले, तरी घरातून प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या मुलामुलींना विनामूल्य मार्गदर्शक लाभेल.