रस्ता आणि ट्रॅक: मोटारीच्या सस्पेन्शनची निवड व जुळणी

मोटारीचा वेग इंजिन वाढवते; मात्र वळणावर तो टिकवणे आणि ब्रेक दाबल्यावर आवरणे हे काम चार टायर करतात. प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकणारा भाग साधारण तळहाताएवढा असतो. तो शक्य तितक्या समान दाबाने रस्त्यावर टेकवून ठेवणे, हे सस्पेन्शनचे मूळ कार्य होय. सस्पेन्शन जितके कडक तितकी मोटार वेगवान, हा रूढ समज त्यामुळे अर्धाच खरा ठरतो. गुळगुळीत ट्रॅकवर उपयुक्त ठरणारी कडक स्प्रिंग खडबडीत रस्त्यावर चाक उसळवते आणि पकड घटवते.

ग्रेटर नोएडा येथील ५.१२५ किलोमीटर लांबीचे बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट, चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई येथील मद्रास आंतरराष्ट्रीय सर्किट आणि कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे हे देशातील प्रमुख ट्रॅक आहेत. ठरावीक दिवशी स्वतःची मोटार घेऊन ट्रॅकवर उतरणाऱ्या हौशी चालकाला त्याच मोटारीतून खड्डे आणि गतिरोधक पार करत घरी परतायचे असते. सस्पेन्शनची निवड या दुहेरी वापराचा विचार करूनच करावी लागते.

स्प्रिंगचे गणित

स्प्रिंगची योग्यता तिच्यावर झुलणाऱ्या वस्तुमानाची एका सेकंदात किती आंदोलने होतात, यावरून जोखली जाते. सामान्य प्रवासी मोटारीत ही वारंवारता साधारण १ ते १.५ हर्ट्झ असते. ट्रॅकसाठी सज्ज केलेल्या मोटारीत ती २ हर्ट्झ किंवा त्याहून अधिक ठेवली जाते. एका चाकावर २५० किलो भार धरल्यास १.२ हर्ट्झसाठी चाकापाशी दर मिलिमीटरला सुमारे १.४५ किलो, तर २ हर्ट्झसाठी सुमारे ४ किलो कडकपणा लागतो. वारंवारता पावणेदोन पटींहून कमीच वाढते, पण कडकपणा जवळपास पावणेतीन पट करावा लागतो. म्हणूनच ट्रॅकची स्प्रिंग दैनंदिन प्रवासात असह्य वाटते.

डॅम्परची साथ

वाहनचालकांच्या बोलीत ‘शॉकअप’ म्हणून ओळखला जाणारा डॅम्पर स्प्रिंगचे आंदोलन शमवतो. स्प्रिंग दाबली जाताना आणि पुन्हा उलगडताना, असा दोन्ही वेळी तो विरोध करतो. कडक स्प्रिंगला मूळ मऊ डॅम्पर जोडल्यास मोटार उसळत राहते. याउलट, उलगडतानाचा विरोध प्रमाणाबाहेर वाढवल्यास लागोपाठच्या खड्ड्यांत चाकाला पुन्हा खाली येण्यास वेळ मिळत नाही आणि मोटार हळूहळू आखडून बसते. त्यामुळे स्प्रिंग व डॅम्पर परस्परांशी जुळणाऱ्या संचातच घेणे हितावह असते. उंची बदलता येणारे कॉइलओव्हर संच सोयीचे असले, तरी जुळणीचे ज्ञान नसल्यास त्यांचा फायदा मिळत नाही.

उंची कमी करण्याची मर्यादा

मोटार खाली बसवल्याने गुरुत्वमध्य खाली येतो, हा लाभ खरा आहे. परंतु बहुसंख्य छोट्या मोटारींच्या पुढील चाकांना मॅकफर्सन पद्धतीचे सस्पेन्शन असते. त्यात उंची फार घटवल्यास खालचा दांडा चाकाकडे वर चढतो आणि मोटार ज्या काल्पनिक केंद्राभोवती कलते ते केंद्र गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक खाली जाते. परिणामी कल वाढण्याची शक्यता असते. चाकाच्या हालचालीला उरलेली जागाही कमी होते. स्प्रिंगचे वेढे कापणे हा स्वस्त उपाय धोकादायक आहे. चाक लोंबकळताच अशी आखूड स्प्रिंग बैठकीतून निसटू शकते.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार सर्वसाधारण वाहतुकीसाठीचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. असा पसरट उंचवटा खाली बसवलेली मोटारही सहसा ओलांडते. त्याच उंचीचा अरुंद, उभा गतिरोधक मात्र तिचे पोट घासतो.

कल आणि कोन

अँटी-रोल बार वळणावरील कल कमी करतो. भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढतो; २० ऐवजी २२ मिलिमीटर व्यासाचा बार सुमारे ४६ टक्के अधिक कडक असतो. पुढचा बार कडक केल्यास मोटारीचे नाक वळणाबाहेर जाण्याची, तर मागचा केल्यास शेपूट सुटण्याची प्रवृत्ती वाढते. पावसाळी रस्त्यावर ही दुसरी प्रवृत्ती अधिक घातक ठरते.

सर्वांत कमी खर्चात मोठा फरक पाडणारी बाब म्हणजे चाकांचे कोन. चाकाचा वरचा भाग आत झुकवणारा ऋण कॅम्बर रस्त्यासाठी साधारण अर्धा ते एक अंश, तर ट्रॅकसाठी दोन ते तीन अंश ठेवला जातो. ट्रॅकवरून परतताच टायरचे तापमान तीन जागी मोजावे. बाहेरची कड फार तापली असल्यास ऋण कॅम्बर अपुरा असतो, आतली कड फारच तापली असल्यास तो जास्त झालेला असतो आणि केवळ मधला भाग तापला असल्यास हवेचा दाब अधिक असतो. ट्रॅकचा कॅम्बर रोजच्या प्रवासात तसाच ठेवल्यास टायरची आतली कड लवकर झिजते.

बदलांचा क्रम आणि कायदा

प्रथम झिजलेले बुश, बॉल जॉइंट आणि डॅम्पर बदलून चांगले टायर बसवावेत. त्यानंतर चाकांचे कोन, मग डॅम्पर व स्प्रिंगचा संच आणि शेवटी बार, असा क्रम योग्य ठरतो. एका वेळी एकच बदल करून त्याची नोंद ठेवल्यास कोणत्या बदलाचा काय परिणाम झाला, हे समजते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार नियमबाह्य बदलासाठी प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. त्यामुळे सुटे भाग खरेदी करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे चौकशी करणे आणि विमा कंपनीला लेखी कळवणे आवश्यक ठरते. वर्षातून मोजके दिवसच ट्रॅकवर जाणाऱ्या मोटारीसाठी मूळ उंची, सुस्थितीतील डॅम्पर, उत्तम टायर आणि अचूक कोनजुळणी एवढी तयारी बहुधा पुरेशी असते.