गृहविज्ञान : रायपूरमधील एक विद्याशाखा आणि रेशनच्या तांदळाचा प्रश्न

रायपूर : रास्त भाव दुकानांतून वितरित होणाऱ्या पोषणसंवर्धित, म्हणजेच फोर्टिफाइड तांदळात साधारणतः दर शंभर किलोंमागे एक किलो दाणे शेतात पिकलेले नसतात. तांदळाच्याच पिठात लोह, फोलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून, शेवया काढाव्यात त्याप्रमाणे यंत्रातून दाबून ते तयार केले जातात आणि साध्या तांदळात मिसळले जातात. रंगाने किंचित वेगळा असलेला हा दाणा तांदूळ धुताना कधी पाण्यावर तरंगतो. ‘प्लास्टिकचा तांदूळ’ समजून तो वेचून फेकून दिल्याच्या घटना छत्तीसगडसह अनेक राज्यांत घडल्या आहेत. ज्या दाण्यासाठी सर्व खटाटोप, तोच ताटात पोहोचत नाही.

शासनाची वितरणसाखळी दुकानाशी संपते. पुढचा निर्णय स्वयंपाकघरात होतो. या निर्णयाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारी विद्याशाखा म्हणजे गृहविज्ञान. ‘स्वयंपाक आणि शिवणकाम’ अशी तिची हेटाळणी आजही होते. छत्तीसगडसारख्या राज्यात ती किती अनाठायी आहे, हे आरोग्याचे आकडेच सांगतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या (२०१५-१६) व पाचव्या (२०१९-२१) फेरीच्या दरम्यान छत्तीसगडमध्ये पाच वर्षांखालील मुलांतील वाढ खुंटण्याचे प्रमाण ३७.६ टक्क्यांवरून ३४.६ टक्क्यांवर, तर वयाच्या मानाने कमी वजनाचे प्रमाण ३७.७ टक्क्यांवरून ३१.३ टक्क्यांवर आले. सुधारणा मंद असली तरी खरी होती. मात्र याच काळात मुलांमधील रक्तक्षय ४१.६ टक्क्यांवरून ६७.२ टक्क्यांवर गेला आणि १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये तो ४७ टक्क्यांवरून ६०.८ टक्क्यांवर पोहोचला. बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर मोजणी करण्याच्या पद्धतीविषयी तज्ज्ञांत वाद झाला आणि पुढील फेरीतून रक्तक्षयाची चाचणी वगळण्यात आली. मोजणीचा वाद मान्य केला, तरी धान्य घरात असूनही रक्त कमी, हे चित्र पुसले जात नाही.

धान्याची तरतूद करण्यात हे राज्य मागे नव्हते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये आला. छत्तीसगडने आपला अन्न व पोषण सुरक्षा कायदा त्याआधी, २०१२ च्या अखेरीस संमत केला. त्याच्या नावात ‘पोषण’ हा शब्द जाणीवपूर्वक होता. पोट भरणे आणि पोषण होणे यांतील अंतर मात्र केवळ कायद्याने भरून निघत नाही.

रायपूरमध्ये या विषयाचे शिक्षण प्रामुख्याने पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठाच्या छत्राखाली होते. १९६४ मध्ये सुरू झालेल्या या विद्यापीठाला मध्य प्रदेशाच्या पहिल्या मुख्यमंत्र्यांचे नाव आहे. त्याच्याशी संलग्न असलेले शासकीय दूधाधारी बजरंग महिला स्नातकोत्तर महाविद्यालय हे शहरातील स्त्रीशिक्षणाचे जुने केंद्र. तेथे गृहविज्ञान पदव्युत्तर स्तरापर्यंत शिकवले जाते. मराठी वाचकांना रायपूर दूरचे वाटू नये. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि नागपूर ही त्यांची राजधानी होती. नागपूर विद्यापीठातही गृहविज्ञानाचा स्वतंत्र पदव्युत्तर विभाग आहे.

देशात या शाखेचा आरंभ १९३२ मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या लेडी आयर्विन महाविद्यालयाशी जोडला जातो. हंसा मेहता कुलगुरू असताना बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० मध्ये गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा उभी राहिली. त्यामागची प्रेरणा काही अंशी अमेरिकेतील होती. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या पहिल्या पदवीधर स्त्री व रसायनशास्त्रज्ञ एलन स्वॅलो रिचर्ड्स यांनी पाणी, अन्नभेसळ आणि घरातील स्वच्छता हे प्रयोगशाळेचे विषय मानले. त्यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये तेथील गृहअर्थशास्त्र संघटना स्थापन झाली. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्या संघटनेने ‘कुटुंब व ग्राहक विज्ञान’ हे नाव स्वीकारले.

भारतातही नावाचा प्रश्न आलाच. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींनुसार कृषी विद्यापीठांतील ‘गृहविज्ञान’ पदवी ‘सामुदायिक विज्ञान’ झाली. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील महाविद्यालय आज याच नावाने ओळखले जाते. ‘गृह’ शब्दामुळे विषय मुलींपुरता मर्यादित राहतो, हा बदलामागचा युक्तिवाद रास्त आहे. तरीही घर हेच या शाखेचे अभ्यासक्षेत्र आहे आणि ते नावातून गेल्याने काही हरवले, असे मानणाऱ्यांचे म्हणणेही सहज झटकून टाकता येत नाही.

अन्न व पोषण, मानव विकास, वस्त्रशास्त्र, कुटुंब संसाधन व्यवस्थापन आणि विस्तारशिक्षण अशा पाच अंगांनी हा अभ्यासक्रम चालतो. ग्राहकशिक्षण हा संसाधन व्यवस्थापनाचा भाग आहे. वेष्टनावरील मजकूर वाचणे, वजनमापे, भेसळीच्या घरगुती चाचण्या आणि २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील हक्क त्यात येतात. रेशनवरील तांदूळ घेणारी स्त्री हीदेखील ग्राहक आहे, ही गोष्ट मात्र योजनांच्या आखणीत अनेकदा विसरली जाते.

तिने विचारावेत असे प्रश्न बरेच आहेत. अन्नसुरक्षा मानकांनुसार एक किलो पोषणसंवर्धित तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह, ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल आणि ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम ब-१२ असणे अपेक्षित आहे. तो शिजवावा कसा? भरपूर पाण्यात भात वेळून पाणी ओतून दिले, तर पाण्यात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांचा काही अंश वाया जातो. छत्तीसगडमध्ये हे पाणी ‘पसिया’ म्हणून पिण्याची रीत आहे. म्हणजे जुन्या सवयीतच उत्तर दडलेले आहे. उरलेला भात रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी खाल्ली जाणारी ‘बासी’ उन्हाळ्यातील श्रमिकांचा आधार आहे. २०२२ मध्ये राज्य शासनाने १ मे रोजी ‘बोरे-बासी’ खाण्याचे आवाहन करून तिला प्रतिष्ठा दिली. बासी पचनाला हलकी. पण ती ज्या पाण्यात भिजते ते स्वच्छ नसेल, तर आजाराचे निमित्त तीच ठरते. भाताबरोबर मुनग्याचा पाला, लाल भाजी किंवा चेच भाजी असेल आणि त्यावर लिंबू पिळले असेल, तर लोह अधिक शोषले जाते. जेवणानंतर लगेच चहा घेतला, तर कमी.

याहून नाजूक प्रश्न सिकलसेलचा आहे. छत्तीसगडमधील अनेक समाजांत हा आनुवंशिक आजार आढळतो. महाराष्ट्रात गडचिरोली आणि नंदुरबारलाही तो अपरिचित नाही. सिकलसेल रुग्णांनी लोहयुक्त अन्न घेऊ नये आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांनी वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, अशी सूचना वेष्टनावर छापणे पूर्वी बंधनकारक होते. भातातून मिळणारे लोह अल्प असून धोक्याचा पुरावा नाही, असा निष्कर्ष काढून ती सूचना २०२४ मध्ये हटवण्यात आली. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला केंद्रीय मंत्रिमंडळाने पोषणसंवर्धित तांदळाचा पुरवठा डिसेंबर २०२८ पर्यंत सुरू ठेवण्यास मंजुरी दिली. सूचना काढणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य असेलही. परंतु सुटा तांदूळ पिशवीत घेणाऱ्या कुटुंबापर्यंत ना पहिली सूचना पोहोचली, ना ती हटवण्यामागचे कारण.

रायपूरमध्येच इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय आहे. भातशास्त्रज्ञ डॉ. आर. एच. रिछारिया यांनी सत्तरच्या दशकात गोळा केलेल्या हजारो देशी वाणांचा वारसा तेथे जतन झाला आहे. विद्यापीठाने ‘छत्तीसगड झिंक राईस-१’सारखे वाणही दिले. त्यात जस्त बाहेरून मिसळलेले नसते, पिकातच अधिक असते. तरंगणारा दाणा नाही, त्यामुळे संशयही नाही. मात्र बियाणे शेतकऱ्याने पेरले आणि तांदूळ घरी टिकला, विकला गेला नाही, तरच हा मार्ग उपयोगी पडतो.

गृहविज्ञानाच्या पदवीधरांना अंगणवाडी पर्यवेक्षिका, रुग्णालयातील आहारतज्ज्ञ, कृषी विज्ञान केंद्रातील विषयतज्ज्ञ आणि अन्नप्रक्रिया उद्योगातील गुणवत्ता तपासनीस म्हणून संधी असते. यांपैकी पर्यवेक्षिकेचे पद तांदळाच्या प्रश्नाला सर्वांत जवळचे आहे. गावोगावच्या अंगणवाडी सेविकांना मार्गदर्शन करण्याची जबाबदारी तिच्याकडे असते आणि वेगळा दिसणारा तो दाणा फेकू नका, हे चुलीपाशी बसून समजावणे तेथूनच शक्य होते.